टायमिंगला हात लावण्याआधी व्हॅक्यूम बघा

जुनी, कार्बोरेटरने हवेत पेट्रोल मिसळणारी गाडी कुरकुरायला लागली की तक्रारी ठरलेल्या असतात. आयडलिंगला, म्हणजे पाय न देता उभी असताना, थरथरते. सिग्नलला बंद पडते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर बसते आणि मग उचलते. चढावर दम लागतो, अ‍ॅव्हरेज पडलेलं असतं. इलाजही बहुतेक ठिकाणी ठरलेला. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचा, इंजिनचा आवाज कानाला बरा लागेपर्यंत तो फिरवायचा, बोल्ट आवळायचा आणि मग कार्बोरेटरच्या स्क्रूला पाव-अर्धा फेरा द्यायचा. गाडी त्या दिवशी झकास चालते. पुढच्या रविवारी घरची सगळी मंडळी भरून केरीहून चोर्ल्याचा घाट चढायला घेतला की तिसऱ्या गेअरमध्ये इंजिनातून टिणटिण ऐकू येते आणि महिन्याभरात आयडलिंग पुन्हा पूर्वीच्याच वळणावर जातं.

यात मेकॅनिकचा कान चुकत नाही, तपासण्याचा क्रम चुकतो. स्पार्कचं टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, आणि इंजिनातलं व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर सहज खपतं. हवा कुठून तरी चोरून आत येत असताना टायमिंग फिरवलं, तर मूळ दोष झाकला जातो आणि त्यावर आणखी एक चढतो. गोव्यात पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, कॉन्टेसा आणि मुख्य म्हणजे कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० अजून घराघरांच्या पडवीत उभ्या आहेत. त्या जपून वापरणाऱ्यांना हा गुंता नीट उलगडून दाखवावा असं मला फार दिवस वाटत होतं.

स्पार्क आधी का पडतो

पिस्टन वर येऊन हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो, प्लग ठिणगी टाकतो, स्फोट होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो, असं आपण शाळेत शिकतो. पण सिलिंडरमध्ये एका क्षणात उडणारा स्फोट होत नाही. प्लगपाशी आग लागते आणि ती सिलिंडरभर पसरत जाते. या पसरण्याला वेळ लागतो, ढोबळमानाने २ मिलिसेकंद धरा. दाब सर्वांत जास्त व्हायला हवा तो पिस्टन वरच्या टोकावरून १५ अंशांच्या आसपास खाली उतरलेला असताना, कारण तेव्हा क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याला) चांगला रेटा बसतो. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पडावी लागते. किती आधी, तेच टायमिंग.

इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला ७५ मिलिसेकंद लागतात आणि २ मिलिसेकंदांत क्रँक साधारण १० अंश फिरतो. तेच इंजिन ३,००० फेऱ्यांवर गेलं की एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो आणि तेवढ्याच वेळात क्रँक ३६ अंश सरकलेला असतो. वेग वाढला की आत घुसळण वाढते आणि आगही थोडी चपळ होते, त्यामुळे हिशोब इतका सरळ राहत नाही, पण दिशा हीच. वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडायला हवी. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात त्या याच कामासाठी. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पाडणारा कॅम थोडा पुढे सरकतो.

आता दुसरी गोष्ट, जिच्याकडे दुर्लक्ष होतं. आग पसरण्याचा वेग मिश्रण किती दाट भरलंय यावरही ठरतो. पर्वरीच्या सपाट रस्त्यावर तुम्ही पाय अलगद ठेवून पन्नासने चालला आहात तेव्हा थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप, जेमतेम उघडा असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं आणि विरळ असतं, आग सावकाश पसरते. अशा वेळी ठिणगी आणखी आधी पडलेली बरी. घाटात पाय पूर्ण दाबला की सिलिंडर भरगच्च भरतो, आग झपाट्याने पसरते आणि ठिणगी फार आधी पडली तर मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप भडकतो. ती टिणटिण म्हणजे हेच नॉकिंग. पिस्टनवर हातोडी पडावी तसा हा मार असतो आणि तो चालू दिला तर पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाते.

इंजिनावर भार किती आहे हे डिस्ट्रिब्युटरला कळतं व्हॅक्यूममुळे. बाजूला थाळीसारखा पत्र्याचा डबा असतो, त्यात रबरी पडदा आणि कार्बोरेटरकडून आलेली बारीक नळी. थ्रॉटल थोडा उघडा असताना नळीत ओढ जास्त असते, पडदा आत खेचला जातो, आतली प्लेट फिरते आणि ठिणगी आधी पडते. थ्रॉटल पूर्ण उघडला की ओढ नाहीशी होते आणि ती जादा आगाऊ ठिणगी आपसूक मागे येते. टायमिंग आणि व्हॅक्यूम एकमेकांना बांधलेली आहेत ती इथे. सगळ्याच जुन्या डिस्ट्रिब्युटरांना हा डबा नसतो. आधी बघा, आपल्याला आहे का.

व्हॅक्यूम म्हणजे नेमकं काय

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, पण आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. ओढायला जोर आहे आणि आत यायला वाट नाही, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळकांड्यांत, बाहेरपेक्षा खूप कमी दाब तयार होतो. हा फरक पाऱ्याच्या इंचांत मोजतात. धडधाकट इंजिनात आयडलिंगला १७ ते २१ इंच मिळतात आणि काटा एका जागी स्थिर राहतो. आकडे समुद्रसपाटीचे आहेत, त्यामुळे पणजी, मडगाव, म्हापशाच्या लोकांना काही वजाबाकी करावी लागत नाही. गाडी घेऊन आंबोलीला वर गेलात तर साधारण ७०० मीटर उंचीमुळे तीच निरोगी गाडी २ इंच कमी दाखवेल. तो दोष नव्हे.

शहाळ्यातलं पाणी पिताना नळीला मध्येच चीर पडलेली असली की जसं पाण्याऐवजी हवाच तोंडात येते, तसंच मॅनिफोल्डला कुठे फट पडली की होतं. कार्बोरेटरमधून पेट्रोल घेऊन यायला हवी होती ती हवा आडवाटेने, पेट्रोल न घेता आत शिरते. मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण कधी पेटतं, कधी नाही. गाडी आयडलिंगला मिसिंग करते, पाय दाबला की अडखळते, कधी कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखा फटका येतो.

फटीचा जाच आयडलिंगला सर्वांत जास्त असतो, कारण तेव्हा इंजिन घेत असलेली एकूण हवाच थोडी असते. वेग वाढला की चोरट्या हवेचा वाटा नगण्य होतो आणि गाडी बरी वाटते. “हायवेला एकदम मस्त, गावात आली की त्रास” असं मालक सांगत असेल तर माझं लक्ष आधी नळ्यांकडे जातं.

एकमेकांची पापं कशी झाकतात

ठिणगी थोडी आधी आणली की आयडलिंगचा वेग वाढतो आणि व्हॅक्यूमही वाढतं. म्हणून फटीमुळे थरथरणारं इंजिन डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवल्यावर सुधारल्यासारखं वाटतं. मिश्रण पातळ असल्यामुळे आग सावकाश पसरत होती, तिला जरा जास्त वेळ मिळाला, एवढंच. फट आहे तिथेच राहते. आता घाटात थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मूळ टायमिंगच चार-सहा अंश पुढे असतं आणि नॉकिंग सुरू होतं. गरम इंजिन पुन्हा स्टार्ट करताना स्टार्टर अडखळतो, उलटा धक्का बसल्यासारखा घरघरतो, तोही याचाच परिणाम.

उलटंही घडतं. कधी फटीमुळे आयडलिंग वाढतं, विशेषतः ती एखाद्या जाड नळीत असली आणि मिश्रण आधीच दाट, म्हणजे जास्त पेट्रोलचं, ठेवलेलं असलं तर. मग वेग खाली आणायला कोणी टायमिंग मागे घेतो. उशिरा पडलेल्या ठिणगीमुळे मिश्रण पिस्टन खाली जाताना जळत राहतं, जोर क्रँकला मिळण्याऐवजी उष्णता होऊन एक्झॉस्टमध्ये आणि पाण्यात जाते. गाडी मेल्यासारखी चालते, पेट्रोल खाते आणि पणजीच्या ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा काटा वर चढतो. पुढचा खर्च मग रेडिएटरवर होतो, ज्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नसतो.

सगळ्यांत फसवा दोष म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या डब्यातला फाटलेला पडदा. तो एकाच वेळी दोन्हीकडे लागतो. ठिणगी पुढे सरकत नाही म्हणून सपाट रस्त्यावरचं अ‍ॅव्हरेज पडतं आणि फाटलेल्या पडद्यातून हवा आत शिरते म्हणून मिश्रण पातळ होतं. तपासायला औषधाच्या दुकानातली ५० मिलिलिटरची सिरिंज पुरते. इंजिन बंद ठेवून डब्याच्या तोंडाला नळीने सिरिंज जोडायची, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढायची आणि दट्ट्या ओढायचा. आतली प्लेट फिरली पाहिजे आणि दट्ट्या धरून ठेवला तर मिनिटभर तिथेच राहिली पाहिजे. प्लेट हलतच नसेल तर ती गंजून अडकली आहे. हलून हळूहळू मागे येत असेल तर पडदा गेला. ओढ तोंडाने लावणारे लोक मी पाहिले आहेत. नळीत पेट्रोलची वाफ असते, तसं करू नका.

इथे एक ध्यानात ठेवा. बऱ्याच गाड्यांत ही नळी थ्रॉटलच्या पट्टीच्या किंचित वरच्या छिद्राला जोडलेली असते. अशा गाडीत आयडलिंगला नळीत ओढ नसणंच बरोबर आहे, पाय दिल्यावर ती येते. नळी चोक झाली समजून कोणी ती सरळ मॅनिफोल्डला जोडली की आयडलिंगचं सगळं गणित बदलतं.

आधी साध्या गोष्टी

टॅपेट, प्लग, पॉइंट, कॅप आणि वायरी ठीक नसतील तर पुढच्या कुठल्याही मापाला अर्थ नाही. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली, गॅप पुस्तकाप्रमाणे करून घ्या. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. त्याआधीच्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका शिशाच्या थराच्या भरवशावर होत्या. त्या झिजत गेल्या की व्हॉल्व्ह खोल बसतो, टॅपेटची गॅप मिटत जाते आणि एक दिवस व्हॉल्व्ह नीट बंद व्हायचा थांबतो.

पॉइंटवर, म्हणजे उघडताना ठिणगी पाडणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या संपर्कांवर, मात्र थोडा वेळ द्या, कारण टायमिंग आपोआप बदलण्याचं सर्वांत मोठं कारण तिथेच आहे. कॅमवर घासणारा पॉइंटचा फायबरचा तुकडा झिजतो. तो झिजला की पॉइंटची गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी उशिरा पडते. बोल्टला कोणी हात न लावता टायमिंग मागे जातं. म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर. उलट क्रमाने केलंत तर गॅप लावताना टायमिंग पुन्हा हललेलंच असेल. बहुतेक गाड्यांना ०.४ ते ०.५ मिलिमीटर गॅप चालते, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातला घ्या. कॅमवर ग्रीसचं अगदी पुसट बोट लावा, जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं. कॅपखालचा फिरता रोटर हातात धरून शाफ्ट आडवा हलवून बघा. खडखड हलत असेल तर बुश गेले आहेत आणि अशा डिस्ट्रिब्युटरवर टायमिंग कितीही नीट लावलं तरी ते जागेवर राहणार नाही.

आमच्या हवेत कॅप आणि वायरींचं वेगळं प्रकरण आहे. समुद्राची खारी हवा पितळी टोकांवर हिरवा थर आणते आणि जून-जुलैत दमट हवेनं कॅपच्या आत दव जमतं. दवावरून ठिणगी चुकीच्या वाटेने पळते आणि पळताना प्लास्टिकवर पेन्सिलच्या रेघेसारखी बारीक काळी रेघ जाळून ठेवते. कॅप पुसून कोरडी केली तरी ती रेघ वीज वाहत राहते, म्हणून अशी कॅप बदलायचीच. रात्री अंगणातला दिवा घालवून बॉनेट उघडा आणि इंजिन चालू ठेवून बघा. वायरींवरून, ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या तोंडापाशी निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर निम्मं निदान तिथेच झालं. हात लावू नका, हजारो व्होल्टचा झटका असतो.

फट शोधणं

आधी डोळे आणि बोटं. प्रत्येक रबरी नळी वाकवून बघा. टोकाकडचा पहिला इंच हमखास फाटलेला असतो, कारण तिथे ती ताणलेली असते. चतुर्थीलाच बाहेर निघणारी गाडी असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या नळ्याही बघा. निघालेली नळी आणि उघडं राहिलेलं तोंड तर फारच सामान्य. कधी काळी एखाद्या मेकॅनिकने बोल्ट खुपसून बंद केलेलं तोंड असतं आणि तो बोल्ट आता पडलेला असतो.

नंतर इंजिन आयडलिंगवर ठेवा, हँडब्रेक ओढा, गेअर न्यूट्रल, आणि एकेक नळी रबराची पकड लावून किंवा बोटांनी दाबून बंद करा. एखादी बंद केल्यावर इंजिनचा सूर बदलला तर त्या नळीच्या पुढे गळती आहे. व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणाऱ्या ब्रेक बूस्टरची जाड नळी अशीच तपासतात. बूस्टर गळत असेल तर आयडलिंगच्या त्रासाबरोबर ब्रेकचा पेडलही कडक लागतो.

मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि कार्बोरेटरखालचं जाड इन्सुलेटर नळीसारखं दाबता येत नाही. तिथे कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत आहे आणि ती काम करते, पण जुन्या गाड्यांत इनटेकच्या खालीच एक्झॉस्टचा तापलेला मॅनिफोल्ड असतो आणि क्लीनर पेट घेतो. फुलझाडांवर मारायच्या बाटलीतलं साधं पाणी वापरा. पाणी फटीवर पडलं की ती क्षणभर बुजते आणि इंजिनचा आवाज लगेच बदलतो. डिस्ट्रिब्युटर आणि कॉइलवर मात्र पाणी जाऊ देऊ नका. उदबत्तीच्या धुराने फट शोधणारेही आहेत. पेट्रोलच्या शेजारी निखारा नेणं ही जिवावरची गोष्ट आहे, कोणी सुचवलं तर थांबवा.

आणखी एक पुरावा तुमच्या गाडीच्या कागदांतच पडलेला असतो. पीयूसीच्या (प्रदूषण तपासणीच्या) चिठ्ठीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) असे दोन आकडे असतात. पास झालं की आपण चिठ्ठी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो. ती काढून वाचा. सीओ अगदी कमी आणि एचसी बराच जास्त असेल तर मिश्रण इतकं पातळ आहे की अधूनमधून पेटतच नाही, म्हणजे फट शोधा. सीओ जास्त असेल तर मिश्रण दाट, चोक किंवा फ्लोट बघा. सीओ ठीकठाक आणि एचसी मात्र चढलेला असेल तर प्लग, वायरी, पॉइंट किंवा फार पुढे आलेलं टायमिंग यांवर संशय घ्या. मागच्या दोन-तीन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या तर दुखणं कधी सुरू झालं तेही कळतं. इतकी स्वस्त तपासणी लोक वाया घालवतात याचं मला वाईट वाटतं.

काटा काय सांगतो

व्हॅक्यूम गेज महाग नसतो आणि इंजिन न उघडता आतलं सांगणारं याच्याइतकं चांगलं साधन नाही. मॅनिफोल्डच्या तोंडाला जोडायचा, थ्रॉटलच्या वरच्या तोंडाला नव्हे, आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच वाचायचा.

काटा १४-१५ इंचांवर स्थिर असेल तर टायमिंग उशिरा आहे किंवा थोडी फट आहे. ५-७ इंचांवर पडून राहिला तर मोठी फट. ठरावीक अंतराने एकदम झटका देऊन खाली येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळलाय. आयडलिंगला भराभर थरथरून वेग वाढवल्यावर शांत होत असेल तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत, आणि उलट वेगाबरोबर थरथर वाढत असेल तर व्हॉल्व्ह स्प्रिंग मऊ पडल्यात. इंजिन २,५०० फेऱ्यांवर धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर आतून तुंबलाय. अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात उघडून सोडला की काटा शून्याकडे पडून २४-२५पर्यंत उसळला पाहिजे. उसळी अर्धवट असेल तर पिस्टन रिंगा थकल्यात.

काट्याचं एकट्याचं ऐकून मात्र निर्णय घेऊ नये. डिचोलीच्या एका निवृत्त गुरुजींची कार्बोरेटरवाली मारुती ८०० म्हापशाच्या गॅरेजमध्ये उभी होती तेव्हा मी तिथे होतो. तक्रार नेहमीचीच, गावात थरथर आणि घाटात टिणटिण. गेज लावला, काटा १४ इंचांवर स्थिर. पुस्तक म्हणतं, टायमिंग उशिरा असू शकेल. गॅरेजच्या पोराने पाना उचललाच होता, पण मेकॅनिकने आधी टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीसोबत लुकलुकणारा दिवा, लावायला सांगितलं. लाइटमध्ये खूण दिसली ती पुस्तकातल्या आकड्याच्या बरीच पुढे. “काका, ह्याचं टायमिंग कोणी हल्ली वाढवलं होतं?” मेकॅनिकने विचारलं. गुरुजी म्हणाले, “मे महिन्यात ट्यूनिंग करून घेतलं होतं बाबा, तेव्हापासूनच घाटात आवाज येतो.” टायमिंग पुढे असेल तर व्हॅक्यूम चांगलं दिसायला हवं. इथे टायमिंग पुढे आणि व्हॅक्यूम मात्र कमी. दोन्ही एकत्र असतील तर हवा कुठून तरी शिरतेच आहे. कार्बोरेटरच्या बुडाशी पाणी फवारलं आणि इंजिनचा सूर तत्काळ बदलला. कार्बोरेटर उचलल्यावर खालचं इन्सुलेटर दोन बोल्टांच्या मध्ये तडकलेलं सापडलं.

नवीन बसवल्यावर काटा साडेअठरावर गेला आणि आयडलिंग एकदम वाढलं. वाढणारच, कारण फट भरून काढण्यासाठी पुढे केलेलं टायमिंग आता नडायला लागलं होतं. ते पुस्तकाच्या खुणेवर मागे आणलं, मग आयडलिंगचा स्क्रू खाली. गेज आणि लाइट यांचं म्हणणं जुळत नाही तेव्हा त्या न जुळण्यातच उत्तर असतं. काटा खाली आणि टायमिंगही मागे असेल, तरच डिस्ट्रिब्युटरला हात लावा. मारुती ८००मध्ये एक तिसरी शक्यताही डोक्यात ठेवावी. टायमिंग बेल्ट एक दात चुकून बसला असेल तर व्हॉल्व्हचं टायमिंग बिघडतं आणि डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरूनच फिरत असल्यामुळे ठिणगीही सोबत सरकते. मग डिस्ट्रिब्युटर फिरवून खूण जुळवता येते, पण काटा काही वर येत नाही.

आता टायमिंग

फटी बुजल्या, गॅप लागली, मगच टायमिंग. लाइट नसेल तर १२ व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला. इग्निशन ऑन, इंजिन बंद. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला असतो, पॉइंट उघडले की पेटतो. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीवरची किंवा फ्लायव्हीलवरची खूण जुळवा. इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवा, खूण ओलांडली तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाहीतर चेनचा ढिलेपणा मापात शिरतो. मग डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवत बल्ब नेमका पेटेल त्या जागी बोल्ट आवळा. काम झाल्यावर इग्निशन लगेच बंद करा, पॉइंट बंद अवस्थेत कॉइल तापते.

लाइट असेल तर खुणेवर खडूचं बारीक टिंब लावा, पहिल्या सिलिंडरच्या वायरीला क्लिप लावा, व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रिब्युटरपाशी काढून तिचं तोंड छोट्या बोल्टने बंद करा आणि आयडलिंगचा वेग पुस्तकाइतका करा. वेग जास्त असेल तर वजनं आधीच बाहेर फेकली गेलेली असतात आणि खूण खोटी दिसते. खूण जुळल्यावर वेग सावकाश ३,००० फेऱ्यांपर्यंत न्या. खूण एकसारखी पुढे सरकत गेली तर वजनं आणि स्प्रिंगा ठीक. जागेवरच राहिली तर आत गंज धरलाय, पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे नेहमी होतं. खूण थरथरत, मागेपुढे नाचत असेल तर बुश किंवा चेन ढिली आहे. मग नळी परत लावा आणि २,००० फेऱ्यांवर खूण आणखी पुढे उडी मारते का बघा. वाकताना पंख्यापासून हात, ओढणी, लोंबता शर्ट लांब ठेवा. लाइटच्या उजेडात फिरती पुली थांबल्यासारखी दिसते आणि तिथेच बोटं जातात.

मिश्रणाचा स्क्रू सर्वांत शेवटी. गेज लावलेलाच ठेवा आणि काटा सर्वांत वर आणि स्थिर होईल तिथे स्क्रू आणा, मग वेग पुन्हा जुळवून घ्या.

हल्लीच्या पेट्रोलबद्दल सांगायलाच हवं. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल २०२५पर्यंत देशभर आलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे ठरावीक मापाच्या जेटवर (पेट्रोलच्या छिद्रावर) चालणाऱ्या जुन्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण थोडं पातळच होतं, फट नसतानाही. शिवाय जुन्या रबराच्या नळ्या, पडदे आणि गॅस्केटं त्याने फुगतात किंवा कडक होतात. बाहेरून तुळतुळीत दिसणारी जुनी नळी काढल्यावर उभी कापून आतून बघा, खरी अवस्था तिथे कळते. नवीन घेताना पेट्रोलची नळी इथेनॉल चालणारी मागा आणि व्हॅक्यूमसाठी जाड भिंतीची, ओढीने चपटी न होणारी. ब्रेक बूस्टरला पेट्रोलची नळी कापून लावू नका, त्याची वेगळी येते.

सगळं झालं की गाडी ओळखीच्या एका चढावर न्या, इंजिन पूर्ण गरम, तिसरा गेअर, पाय तीनचतुर्थांश दाबलेला, खिडक्या खाली. टिणटिण आली तर टायमिंग दोन अंश मागे घेऊन त्याच चढावर पुन्हा बघा. पुस्तकाच्या आकड्यापेक्षाही मागे गेल्यावर आवाज जात नसेल तर डिस्ट्रिब्युटर सोडा. सिलिंडर हेडमध्ये साचलेला कार्बन, पातळ मिश्रण किंवा तापणारं इंजिन, यांपैकी काहीतरी आहे.